उच्चारसरांची भाषा

उच्चारसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते विद्यार्थ्यांनी ठेवलं, अर्धं टिंगलीनं आणि अर्धं आदरानं. पुढं ते इतकं चिकटलं की कुलगुरूंचा शिपाईसुद्धा निरोप घेऊन आला की दारातूनच विचारायचा, "उच्चारसर आहेत का आत?" टिंगल अशासाठी, की आपल्या भाषेत बोलताना सर अडखळायचे. साधं 'बसा' म्हणायचं तरी ब वर गाडी अडायची, मान एका बाजूला कलायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्यानं खुर्ची ओढून बसून घेतल्यावर तो शब्द बाहेर पडायचा. आणि आदर अशासाठी, की तेच सर वर्गात शिरून ते शिकवत त्या परक्या भाषेत बोलायला लागले की नळाची धार सुटावी तसे बोलायचे. कुठं खळ नाही, खंड नाही. मागच्या बाकावरची उनाड मुलंसुद्धा पहिल्या दिवशी एकमेकांकडं बघत राहायची.

परक्या भाषेचा तो विभाग म्हणजे रसायनशास्त्राच्या इमारतीच्या मागच्या जिन्यानं वर गेल्यावर लागणाऱ्या दोन खोल्या. एकीत वर्ग भरायचा. दुसरीत पुस्तकं, टेपरेकॉर्डर आणि त्या देशाचा एक नकाशा, ज्यातल्या दोन नद्या उन्हानं पार उडून गेल्या होत्या. खालच्या प्रयोगशाळेतला वास जिन्यावरून हक्कानं वर यायचा. त्या देशातून नवा व्याख्याता आला की पहिल्या दिवशी त्याचे डोळे चुरचुरायचे. सर त्याला त्याच्याच भाषेत धीर द्यायचे, "आठवडाभर त्रास होईल. मग वास येईनासा होतो. म्हणजे येतो, पण आपल्याला कळत नाही."

हा विभाग एका कराराच्या पोटी जन्माला आला होता. तिकडच्या विद्यापीठानं दरवर्षी एक व्याख्याता पाठवायचा, इकडच्यांनी त्याच्या राहण्याजेवणाची सोय करायची. बदल्यात इकडचा एक शिक्षक तिकडं जाऊन वर्षभर राहणार, शिकणार, परत येऊन शिकवणार. करारावर सह्या झाल्या तेव्हा सर इतिहासाच्या पहिल्या वर्षाला होते. त्यांना या कराराचं सोयरसुतक असायचं काहीच कारण नव्हतं. दोन तासांच्या मध्ये रिकामा वेळ होता, उकाडा मरणाचा होता आणि वरच्या त्या खोलीतला पंखा फिरत होता, एवढ्यावर ते तिथं जाऊन बसले.

त्या वर्षी तिकडून आलेल्या बाई इतक्या उंच होत्या की दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागायची. मुलं त्यांना उंच बाई म्हणायची. त्यांना आपली भाषा येत नव्हती आणि इंग्रजीही जेमतेम. त्या सरळ स्वतःच्याच भाषेत बोलायच्या, बोट दाखवायच्या, नक्कल करायच्या, पुन्हा बोलायच्या. एके दिवशी त्यांनी मागं बसलेल्या त्या गप्प मुलाला उठवलं.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेत वाचनाचा तास आला की गुरुजी त्याला गाळून पुढच्याला उभं करायचे. घरी वडील म्हणायचे, "राहू दे, तुझं होईपर्यंत दिवस मावळेल." वर्गातल्या मुलांना हे ठाऊक होतं, त्यामुळं आता गंमत बघायला सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी एक शब्द म्हटला. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करायचे आणि आतून मात्र 'ई' म्हणायचं, असा काहीतरी चमत्कारिक स्वर होता तो. मुलानं ओठ गोल केले, आणि शब्द आला. चुकीचा आला, पण आला. कुठं अडला नाही. "पुन्हा," बाई म्हणाल्या. तो पुन्हा म्हणाला. किती वेळा म्हणाला कुणास ठाऊक. शेवटी तो स्वर हवा तसा लागला तेव्हा बाईंनी टाळी वाजवली आणि खळखळून हसल्या.

आपल्या तोंडून काहीतरी निघालं आणि ते ऐकून कुणाला आनंद झाला, हे त्या मुलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो इतिहासाच्या वर्गात परत गेलाच नाही म्हटलं तरी चालेल. बाई वर्षासाठी आल्या होत्या, त्या मुदत वाढवून घेत राहिल्या. त्या बोलायच्या तशी प्रत्येक लकब यानं उचलली. वाक्याच्या शेवटी त्या आवाज किंचित खाली सोडायच्या, तोही सोडायला लागला. जाताना त्या म्हणाल्या, "एकदा तिकडं ये. तू बोललास की लोक विचारतील, हा आपल्यातला कुठल्या गावचा?"

हे वाक्य सरांनी पुढं उभं आयुष्य जपलं.

ते त्याच विभागात शिक्षक झाले. लग्न झालं. बायको शाळेत गणित शिकवायची. बोलायला मोकळी, हिशेबाला पक्की, स्वभावानं खणखणीत. बघायला आले तेव्हा सरांच्या तोंडून एक वाक्य पुरं झालं नाही. पुढं तिला कुणी विचारलं की असा नवरा का पत्करलास, तर ती म्हणायची, "आमच्या घरात सगळेच बोलणारे. म्हटलं, एक ऐकणारा तर मिळेल." दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांत सरांची वाक्यं तीच पुरी करायची. बहुतेक वेळा बरोबर करायची. चुकली तरी सर मान डोलवायचे, कारण दुरुस्त करायला पुन्हा बोलावं लागलं असतं.

दरवर्षी नवा पाहुणा यायचा. सर त्याला विमानतळावरून आणायचे, खोली लावून द्यायचे, पाणी कुठलं प्यायचं आणि रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवायचे. कुणी आल्या आल्या आजारी पडायचा, कुणाला घरची आठवण येऊन रडू फुटायचं. एक तर असा आला, की त्याला पालीची भीती होती. तो टेबलावर उभा राहून शिकवायचा. हे सगळे सरांच्या घरी जेवायला यायचे. त्या दिवशी बायको बघत राहायची. तिच्यासमोर एरवी मुका बसणारा तिचा नवरा त्या माणसांशी तासन्‌तास बोलत असायचा, विनोद करायचा, वाद घालायचा, हात उडवायचा. तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही. एकदा पाहुणा गेल्यावर भांडी आवरताना ती म्हणाली, "तुम्ही असे आहात होय? मला कधी भेटलाच नाहीत हो."

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द अडला. आणि या खेपेला तिनं वाक्य पुरं केलं नाही.

तिकडं जायची पाळी मात्र काही येत नव्हती. पहिल्या वर्षी नंबर लागला तेव्हा आईला अर्धांगवायू झाला. सरांनी नाव मागं घेतलं. मग कुलगुरू बदलले आणि नव्या कुलगुरूंचा भाचा तिकडं गेला. त्याला त्या भाषेत स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं, पण तिकडचे भरपूर फोटो मात्र घेऊन आला. मग इकडं निधी नव्हता, तिकडं संप होता, मग कुणीतरी म्हणालं की सरांचं काय, ते तिथं न जाताच एवढं छान बोलतात, पाठवायचं तर ज्याला येत नाही त्याला पाठवा. सर हसले. युक्तिवाद तसा बिनतोड होता.

हळूहळू पाहुणेही आटले. वर्षाचा मुक्काम सहामाहीवर आला, मग महिन्यावर. पुढं एक तरुण व्याख्याता आठवड्यासाठी आला आणि त्यातले तीन दिवस समुद्र बघायला गेला. त्यानंतर भिंतीवर पडदा लागला. तिकडचा माणूस तिकडच्या खोलीत बसून बोलायचा, चित्र थिजायचं, आवाज पुढं जायचा. मुलं कमी झाली. पूर्वी नोकरीसाठी ही भाषा शिकणारे होते, आता मोबाईलच सगळं भाषांतर करून द्यायचा. शेवटी शेवटी वर्गात चार डोकी उरली, त्यांतली दोघं वसतिगृहाची खोली टिकवण्यापुरती.

अशात नवे कुलगुरू आले. कामाचा धडाका मोठा. त्यांनी एक दिवस सरांना बोलावून घेतलं.

"सर, जुना करार नव्यानं करायचाय. शिष्टमंडळ घेऊन आपण तिकडं चाललोय. तुम्ही हवेतच. तुमच्याइतकी भाषा इथं कुणाला येते?"

 घरी येऊन सरांनी बायकोला सांगायला सुरुवात केली. "आ... आ... आम्ही..." एवढंच निघालं आणि डोळे भरून आले. तिनं ताबडतोब ओळखलं. "चाललात!" ती म्हणाली, आणि तिनंही डोळे पुसले.

सरांनी तिथं करायचं भाषण लिहून काढलं. विभाग कसा सुरू झाला, किती मुलं शिकली, व्याख्याता पाठवणं पुन्हा सुरू केलं तर काय काय करता येईल. रोज संध्याकाळी ते आरशासमोर म्हणायचे. बायको स्वेटर विणता विणता ऐकायची.

विमानातून उतरल्यावर तपासणीच्या खिडकीपाशी सरांनी त्या देशातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. साधा नमस्कार आणि विचारपूस. खिडकीतल्या पोरसवदा अधिकाऱ्यानं मान वर केली, क्षणभर बघितलं, गालातल्या गालात हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "किती दिवस राहणार?" सरांनी त्याच्या भाषेत उत्तर दिलं. त्यानं पुढचा प्रश्न पुन्हा इंग्रजीत विचारला. टॅक्सीवाल्यानं तेच केलं. हॉटेलातल्या मुलीनंही तेच केलं. इंग्रजीत उत्तर द्यायची वेळ आली की सर अडायचे, आणि मग समोरचा हळू, मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. कुलगुरू मागून म्हणाले, "असू द्या सर, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. लांबच लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीबाहेर नीट कापलेलं गवत. सरांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि बोलले. एकही अक्षर चुकलं नाही. आवाज जिथं खाली सोडायचा तिथं सोडला. टेबलाभोवतीची माणसं हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती, एक-दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. मग तिथल्या प्रमुख बाई इंग्रजीत म्हणाल्या, "अप्रतिम! मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आता असं कुणी बोलत नाही." सगळे हसले. कुलगुरूही हसले.

मग त्या मुद्द्यावर आल्या. भाषेसाठी व्याख्याते पाठवण्याची योजना त्यांनी केव्हाच गुंडाळली होती. त्यांचा स्वतःचा भाषाविभागही कमी केला होता. आता दोन्ही विद्यापीठांनी मिळून व्यवस्थापनाची संयुक्त पदवी सुरू करावी, शिक्षण सगळं इंग्रजीतून. कुलगुरूंच्या चेहऱ्यावरून सरांना कळलं की हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. सह्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत सरांना मधोमध उभं केलं.

त्या गावात सरांची एक जुनी विद्यार्थिनी राहत होती. प्रयोगशाळेत नोकरी करायची, तिथलीच झाली होती. तिनं उंच बाईंचा पत्ता शोधून ठेवला होता. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात त्या होत्या. ती गाडी घेऊन आली आणि सर आणलेल्या भेटी मांडीवर धरून मागच्या सीटवर बसले. वाटेत ते तिच्याशी त्या भाषेत बोलत होते. ती आपल्या भाषेत उत्तर देत होती.

"तू त्या भाषेत का बोलत नाहीस?" सरांनी विचारलं.

"बोलते की सर, रोजच बोलते." "पण वेगळी बोलते. तुम्ही रागावणार नाही ना? मी इथं आले तेव्हा पहिले कित्येक महिने लोक मला हसायचे. म्हणायचे, ही जुन्या रेडिओसारखी बोलते. मी आपण शिकलो ते सगळं पुसून परत शिकले."

सरांनी मांडीवरच्या भेटींचा कागद सारखा केला.

वृद्धाश्रमाच्या खोलीत उंच बाई खुर्चीत बसल्या होत्या. अजूनही उंचच, पण आता सगळी उंची दुमडून ठेवल्यासारखी. सर गुडघ्यावर बसले, त्यांचा हात हातात घेतला, आपण कोण ते सांगितलं. वर्ग, पंखा, पहिला शब्द, टाळी, सगळं सांगितलं. बाई एकटक बघत होत्या. मग त्या बोलायला लागल्या. भरभर, आनंदानं, हातवारे करत, मध्येच हसत. सर ऐकत राहिले. पुढं सरकून ऐकलं. त्यांना एक शब्द कळेना. ओळखीचा एक स्वर नाही, वाक्य कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं तेही नाही.

दारात परिचारिका उभी होती. ती सरांना हळूच म्हणाली, आणि हेही इंग्रजीतच, "गेली दोन वर्षं त्या अशाच बोलतात. लहानपणी डोंगरातल्या खेड्यात होत्या ना, तिथली बोली. आम्हालाही फारसं कळत नाही. शिक्षण घेतल्यावर शहरात येऊन त्यांनी ती टाकली होती म्हणे, रेडिओवर उमेदवारी करताना नवी भाषा घोटून घेतली. आता घोटलेली गेली. ही राहिली."

सरांनी पुन्हा एकदा, अगदी हळू, त्यांनीच शिकवलेल्या भाषेत विचारलं, "मला ओळखलंत?"

बाईंनी त्यांच्या गालावर हात फिरवला आणि त्या खेड्यातल्या बोलीतच काहीतरी म्हणाल्या. विद्यार्थिनीनं सरांकडं पाहिलं आणि नजर फिरवली. बाईंना भूक लागली असावी किंवा झोप आली असावी. परिचारिकेनं खुर्ची वळवली.

परतल्यावर महिन्याभरात विभाग बंद झाला. बंद झाला असं कुणी म्हटलं नाही, 'सामावून घेतला' असं म्हटलं. वरच्या दोन खोल्यांना रंग लागला, वातानुकूलन आलं आणि दारावर आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्षाची पाटी बसली. टेपरेकॉर्डर भंगारात गेला. नकाशा कुणी काढला ते सरांना कळलं नाही. ते विचारायला म्हणून गेलेही नाहीत.

कुलगुरूंनी त्यांना बोलावून घेतलं. "सर, निवृत्तीला अजून अवकाश आहे तुमच्या. तुमचा अनुभव वाया जाता कामा नये. व्यवस्थापनाच्या मुलांना संवादकौशल्य शिकवायला माणूस हवाय. इंग्रजीतून. तुम्ही भाषेचेच आहात."

"स... स... साहेब," सर म्हणाले, "मा... मा..."

"काही काळजी करू नका," कुलगुरू म्हणाले, "तुम्हाला जमेल." आणि फोन घेतला.

माणसानं माणसाशी न घाबरता कसं बोलावं, हे सर शिकवायला उभे राहिले. भरलेला वर्ग, सगळी पोरं नीटनेटकी. सरांनी पहिलं वाक्य सुरू केलं आणि ते अडलं ते अडलंच. मान कलली, डोळे मिटले. पूर्वीची मुलं असती तर हसली असती. ही हसली नाहीत. शिकलेली, समजूतदार मुलं होती. सगळी सभ्यपणानं माना खाली घालून आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागली. कुणीही वर पाहत नाही असं पाहून सरांना घाम फुटला. हसली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पुढच्या तासापासून ते पडद्यावर तयार व्याख्यानं लावून कोपऱ्यात बसायला लागले. सहामाहीअखेर मुलांनी सौम्य शब्दांत तक्रार केली. सरांना परीक्षेच्या देखरेखीवर टाकलं. तिथं बोलावं लागत नाही.

घरी ते आणखी गप्प झाले. पूर्वी आंघोळीच्या वेळी, चपला घालताना, झाडांना पाणी घालताना ते त्या भाषेत पुटपुटायचे. बायकोला त्या पुटपुटण्याची इतकी सवय होती की ते थांबल्यावर तिला घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायला लागलं. तिनं डॉक्टरांना दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

एका सकाळी चहा करताना ती म्हणाली, "अहो, एक विचारू? मला शिकवा ना ती."

सरांनी मान वर केली.

"खरंच. वेळ आहे मला आता. कुणाशी बोलायचं नाही तर नाही. माझ्याशी बोला. इतकी वर्षं मी नुसतं ऐकलं, आता..."

सर तिच्याकडं वळले. मग त्यांनी ओठ गोल केले, शिट्टी वाजवल्यासारखे. ती वाट बघत राहिली. शब्द आला नाही. घशाशी आला होता, तिथंच थबकला, आणि मान एका बाजूला कलली. आपल्या भाषेत व्हायचं तेच आता याही भाषेत होत होतं. सरांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून बायको घाबरली.

"राहू दे, राहू दे," ती घाईघाईनं म्हणाली. "उद्या बघू."

चहा उतू जात होता. तिनं गॅस बंद केला, कप भरले, एक त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. चहावर साय धरली.